कॅसलरॉकची सार्वराष्ट्रीय रविवारशाळा

दत्तोपंत हलशीकरांना वाचनाचं व्यसन नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कॅसलरॉक स्टेशनावरच्या मालबाबूनं दोन गाड्यांच्या मध्ये करायचं तरी काय? पावसाळ्यात पायाच्या जळवा उपटायच्या आणि उरलेल्या दिवसांत बेळगावहून आलेली शिळी वर्तमानपत्रं वाचायची. सुपा तालुक्याच्या त्या टोकाला करमणुकीचं तिसरं साधन नव्हतं.

कॅसलरॉक हे जसं तालुक्याचं टोक, तसंच इंग्रज सरकारचंही टोक. स्टेशन सोडून रूळ घाटात उतरले की थोड्याच अंतरावर पोर्तुगालचं राज्य लागे. इथली कोंबडी जरा लांब चरायला गेली तरी परदेशी जाई. पण दत्तोपंतांनी त्याचा कधी विचार केला नव्हता. एका दुपारी त्यांनी वाचलं, की विलायतेत म्हणे मोठ्या माणसांच्या शाळा असतात, आणि एका देशातली शाळा दुसऱ्या देशातल्या शाळेशी करार करून भाषा शिकवणारे मास्तर अदलाबदलीनं नेते-आणते.

दत्तोपंत ताडकन उठले. मोठ्या माणसांची शाळा तर त्यांचीही होती! दर रविवारी दुपारी मालधक्क्यावर ते प्रौढांचा वर्ग घेत. धक्क्यावरचे हमाल म्हादू आणि धाकलू, स्टेशनावर दूध घालणारी रुक्मा आणि अधूनमधून झोपायला येणारे काही इतर, असा तो वर्ग होता. आणि परदेश तर काय, खोकलं तर ऐकू येईल इतका जवळ.

"आपण पोर्तुगालशी करार करायचा," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

इंदुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "करा की. पण आधी शेजारच्यांशी बोलणं सुरू करा. शेवग्याच्या फांदीवरून तीन महिने अबोला धरलाय तुम्ही."

शेजारी म्हणजे तारबाबू लक्ष्मणराव. आयुष्यभर तारा पाठवून पाठवून या गृहस्थाला जास्तीचा शब्द म्हणजे उधळपट्टी वाटे. दत्तोपंतांनी राष्ट्रकार्यासाठी शेवगा बाजूला ठेवला आणि त्यांचा सल्ला विचारला.

"नका करू," लक्ष्मणराव म्हणाले.

"का?"

"भानगड." आणि जणू पदरचे शब्द खर्च करून, त्यांनी जोडलं, "तिकडचा राजा गेला."

"अरेरे," दत्तोपंत म्हणाले. "फार वाईट झालं. वय बरंच असेल." आणि ते करार लिहायला बसले.

राजा मेला नव्हता. त्याच्या प्रजेनं त्याला हाकलून दिलं होतं आणि राजाचं झाडून सगळं बंद केलं होतं. पण लक्ष्मणरावांच्या दोन शब्दांत एवढं कुठून मावणार?

घाटाखाली गोव्यातल्या कुळ्याला काही उत्साही मंडळींनी मोठ्यांसाठी सांजशाळा काढली होती. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांना इंग्रजी हवं होतं, दत्तोपंतांना पोर्तुगीज. एक आड एक रविवारी दत्तोपंतांनी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून खाली जायचं आणि तिकडून एक मास्तर वर येऊन राहायचा, असं ठरलं.

दत्तोपंतांचं इंग्रजी पक्कं होतं, पण ते सगळं मालधक्क्यावर घडलेलं होतं. त्यांनी जे होतं ते मनापासून शिकवलं. महिन्याभरात कुळ्याचे विद्यार्थी उभे राहून छाती पुढे काढून आपली ओळख करून देऊ लागले: "माय नेम इज सेबास्त्यांव. कंडिशन गुड. पॅकिंग ओल्ड. ॲट ओनर्स रिस्क!" हा सेबास्त्यांव सगळ्यांत हुशार. त्यानं बायकोची ओळख 'हँडल विथ केअर' अशी करून दिली तेव्हा दत्तोपंतांना शिक्षक झाल्याचं सार्थक वाटलं.

तिकडून वर आले ते कायतान मास्तर. गोल, हसरे, पांढऱ्या डगल्यातले, काखेत फिडलची पेटी. स्टेशनावर हार घेऊन दत्तोपंत उभे, मागे वर्ग उभा. पण हार गळ्यात पडण्याआधीच प्लेगच्या डॉक्टरानं मास्तरांना धरलं. गाडीनं येणाऱ्या परक्या माणसाला छावणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये देखरेखीखाली बसवायचा तेव्हा नियम होता. आणि फिडल कस्टमसाहेबांनी धरली.

"ही विकायला आणली की वाजवायला?" कस्टमसाहेबांनी विचारलं.

"शिकवायला," दत्तोपंत म्हणाले.

साहेबांनी यादी वर-खाली वाचली. विकायच्या वस्तूंना नियम होता, वापरायच्या वस्तूंना नियम होता. शिकवायच्या वस्तूंना नव्हता. फिडल वखारीत गेली.

तेव्हा या सार्वराष्ट्रीय शाळेचा पहिला पाठ असा झाला: दोरखंडाच्या पलीकडे पत्र्याच्या शेडच्या दारात कायतान मास्तर, अलीकडे गवतात वर्ग, आणि मध्ये पहाऱ्याचा शिपाई. मास्तर ओरडले, "बों दिया!" वर्ग ओरडला, "बों दिया!" शिपायाला वाटलं आपल्यालाच सलाम घालतात, त्यानं बंदूक खांद्याला लावून उलट सलाम ठोकला.

"म्हणजे काय वो मास्तर?" म्हादूनं विचारलं.

"म्हणजे बरो दीस. रामराम रे बाबा."

"अरे, तुमी तर आमच्यावानीच बोलताय!" धाकलू उडाला. मास्तरांची कोकणी आणि धाकलूच्या घरची बोली यांत एका ओढ्याचं अंतर होतं. वर्ग आनंदानं खिदळला. दत्तोपंत मात्र खट्टू झाले. परदेशातून मास्तर आणायचा, आणि तो धाकलूसारखा बोलणार? त्यांनी तिथल्या तिथं नियम केला, की वर्गात कोकणी बोलायची नाही.

मग कायतान मास्तरांची पंचाईत झाली. ते मुळात चर्चमधल्या गाण्याचे आणि बँडचे मास्तर. सांजशाळेचे खरे पोर्तुगीज मास्तर ऐन वेळी गालगुंडानं आजारी पडले, म्हणून यांना पाठवलेलं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगितलं. पोर्तुगीज त्यांना येई, पण सुरात. व्याकरण विचारलं की ते डोळे मिटून गुणगुणायला लागत. अखेर, फिडल सुटून आल्यावर, त्यांनी सरळ गाणंच शिकवायला घेतलं. उच्चार सुधारतात, म्हणाले.

"कसलं गाणं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"राजाचें. पोन्नें गीत," मास्तर म्हणाले. "आम्ही राजाच्या वाढदिसाक वाजयताले. आतां..." त्यांनी हात हलवला.

पोन्नें म्हणजे जुनं. जुनं म्हणजे मानाचं, अशी दत्तोपंतांनी समजूत करून घेतली. दोन-तीन रविवारांत मालधक्का त्या गाण्यानं दणाणू लागला. म्हादूचा आवाज जाड, धाकलूचा बारीक, आणि रुक्माचा तर घाटातून परत येईल असा. शेवटी सगळ्यांनी हात वर करून "व्हिव्हा उ रेइ!" म्हणजे "राजाचा जय असो!" अशी आरोळी ठोकायची. त्या आरोळीनं एकदा मालगाडीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली.

आणि अशा वेळी रुक्माची म्हैस हरवली.

कार्तिकातली गोष्ट. घाटाच्या उतारावर गवत लुसलुशीत होतं, आणि म्हैस त्याच्या मागं मागं खाली उतरत गेली ती थेट पोर्तुगालात. सरहद्दीवरच्या नाक्याच्या शिपायांनी तिला बांधून घातलं. रुक्मा दोनदा जाऊन आली. नाक्यावर नवा तिनेंत आला होता. तिनेंत म्हणजे आपल्याकडचा लेफ्टनंट. हा थेट लिस्बनकडचा, कडक. म्हैस चोरून आणलेला माल आहे, रीतसर अर्जाशिवाय मिळणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं.

"मास्तर," रुक्मा धक्क्यावर येऊन दत्तोपंतांना म्हणाली, आणि तिचा तो घाट भरणारा आवाज आज अगदी खाली गेला होता. "दिवस भरल्यात वो तिचं. आज हाय का उद्या. पयल्या खेपंला बी अडली व्हती. तितं कोण बघणार तिला? ती गेली तर माज्या पोरास्नी काय घालू मी?"

दत्तोपंतांच्या डोक्यात काहीतरी चमकलं, आणि तेच वाईट झालं. "घाबरू नकोस," ते म्हणाले. "आपली शाळा कशासाठी आहे? आपण सगळे जाऊ. तिनेंताशी त्याच्या भाषेत बोलू."

त्यांनी जुन्या भूगोलाच्या पुस्तकातून पोर्तुगालचं निशाण काढलं: निळं-पांढरं, मधोमध मुकुट. ते इंदुबाईंनी जुन्या पातळाचं शिवून दिलं. मुकुट जरा तांब्यासारखा दिसत होता.

"नोकरी सांभाळून करा काय ते," इंदुबाई दोरा तोडत म्हणाल्या. "रेल्वे कंपनीचा माणूस परराज्यात झेंडा घेऊन गेला हे वर कळलं, तर आपल्याला हलशीला जाऊन शेण्या थापाव्या लागतील."

"हा सद्भावनेचा झेंडा आहे."

"असेल. धुतल्यावर रंग जातो त्याचा, एवढं लक्षात ठेवा."

कायतान मास्तरांनी येण्याचं साफ नाकारलं. गाडीनं गेलं तर परतताना पुन्हा ती पत्र्याची शेड. "आनी चलून? हांव?" ते म्हणाले. "मी वादक, म्हैस न्हय. तुमी गावात पळय, सगळें सारकें जातलें." म्हणजे गा, सगळं ठीक होईल. झेंड्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

शिष्टमंडळ सकाळी निघालं. पुढे कोट-पगडीत दत्तोपंत, हातात झेंडा. मागे म्हादू, धाकलू आणि गवताचा भारा डोक्यावर घेतलेली रुक्मा. नाका दिसताच दत्तोपंतांनी हात वर केला आणि तिघांनी गाणं उचललं. घाटाच्या कड्यांनी साथ दिली. सूर असा लागला होता की दत्तोपंतांचे डोळे पाणावले. शेवटची आरोळी तर म्हादूनं स्वतःच्या हिमतीवर तीनदा दिली: राजाचा जय असो!

नाक्यावर एकदम धावपळ उडाली. दत्तोपंतांना वाटलं, स्वागत. शिपाई बंदुका घेऊन ओळीनं उभे राहिले. दत्तोपंतांना वाटलं, मानवंदना. ते झेंडा उंच धरून पुढं झाले, तेव्हा एकानं तो हिसकावला आणि दुसऱ्यानं त्यांची पगडी काढून आत काही आहे का ते पाहिलं.

तिनेंत बाहेर आला. तरुण, मिशा टोकदार, चेहरा लालबुंद. हाकललेल्या राजाचा झेंडा, हाकललेल्या राजाचं गाणं, आणि तेही इंग्रजांच्या हद्दीतून! त्याला वाटलं, राजाच्या माणसांनी बंड करून त्याच्या नाक्यावर चढाई केली. भारा सुद्धा सोडवून त्यात तलवारी शोधल्या गेल्या.

खरं तर शिपाई सगळे गोव्याचे. रुक्माशी ते दोन मिनिटांत बोलून मोकळे झाले असते. पण तिनेंत नियमाचा माणूस. परक्या राज्यातल्या माणसाचा जबाब त्या राज्याच्या सरकारी भाषेत घ्यायचा, म्हणजे इंग्रजीत, असा कुठलासा नियम त्यानं काढला. आणि नाक्यावरचा इंग्रजी जाणणारा दुभाषा म्हणून जो माणूस टोपी सावरत पुढे आला, तो सेबास्त्यांव.

दत्तोपंतांचा जीव भांड्यात पडला. तो तिथं फार काळ राहिला नाही.

तिनेंतानं पोर्तुगीजमध्ये विचारलं, झेंडा कुणाचा? सेबास्त्यांवानं खाकरून तरजुमा केला, "फ्लॅग. हू इज ओनर?"

"माय वाइफ," दत्तोपंत प्रामाणिकपणे म्हणाले.

तिनेंतानं भुवया वर केल्या. म्हणजे बंडाची पुढारी बाई! ती आहे कुठे?

"वाइफ, व्हेअर लाइंग?"

"कॅसलरॉक. गुड कंडिशन."

तिनेंतानं टेबलावर हात आपटला. आणि राजा? राजाला कुठं लपवलाय?

"किंग," सेबास्त्यांव घाम पुसत म्हणाला, "किंग रिसीव्हड?"

"नॉट रिसीव्हड!" दत्तोपंत ओरडले. "किंग नॉट रिसीव्हड! ओन्ली बफेलो! वन बफेलो, लाइव्ह, अनक्लेम्ड!"

सेबास्त्यांवानं याचं काय भाषांतर केलं ते त्याला आणि देवाला ठाऊक. तिनेंत उठून उभा राहिला आणि खाली पणजीला तार करायला माणूस निघाला. दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढं हलशी आली, तिथल्या शेण्या आल्या, आणि त्या थापणाऱ्या इंदुबाई आल्या. आपण आयुष्यात चुकीच्या डब्यात एक पोतं चढवलं नाही, आणि आज एका राज्याचा राजा आपल्या अंगावर आला, असं त्यांच्या मनात आलं.

इतक्यात नाक्याच्या मागून म्हशीचा हंबरडा आला.

रुक्मानं कुणाला विचारलं नाही. बंदुकीच्या नळीखालून वाकून ती धावली. शिपाई तिच्या मागे, तिनेंत शिपायांच्या मागे, आणि दत्तोपंत, आता काय उरलंय म्हणून, सगळ्यांच्या मागे.

म्हैस आडवी पडली होती. रेडकाचा एकच पाय दिसत होता, दुसरा आत मुडपलेला. रुक्मा गुडघ्यांवर बसली, हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. "न्हाई वो येत," ती स्वतःशीच म्हणाली.

तिनेंतानं एकदा म्हशीकडं पाहिलं. मग त्यानं तलवार काढून सेबास्त्यांवाच्या हातात दिली, पितळी बटणांचा कोट काढून दत्तोपंतांच्या अंगावर फेकला, बाह्या कोपरापर्यंत चढवल्या आणि चिखलात रुक्माच्या शेजारी बसला. हा गडी गुरांच्या मुलखातला होता. त्याच्या बापाकडं दावणीला गाई होत्या. त्यानं आत हात घालून मुडपलेला पाय हळूच सरळ केला. रुक्मा म्हणाली, "आता वड!" तो म्हणाला तसलंच काहीतरी आपल्या भाषेत. दोघांनी एकदम ओढलं, आणि रेडकू सळकन गवतावर आलं.

आलं ते निपचित.

"फडकं! फडकं द्या!" रुक्मा ओरडली.

शेजारच्या शिपायाच्या काखेत जे कापड होतं ते धाकलूनं ओढून दिलं. तिनेंतानं त्यानंच रेडकाचं नाक साफ केलं, छाती घासली, पाय घासले, जोरजोरात. रेडकू शिंकलं. मग डोकं हलवून बारीक आवाजात ओरडलं, आणि म्हशीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली. म्हादूनं आनंदाच्या भरात "व्हिव्हा" एवढं म्हटलं. पुढचं दत्तोपंतांनी त्याच्या तोंडावर हात दाबून आतच ठेवलं.

तेव्हा कुठं तिनेंतानं हातातल्या फडक्याकडं पाहिलं. निळं-पांढरं. मधोमध तांब्या. राजाच्या मुकुटानं आपण म्हशीचं बाळंतपण केलं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो कडक माणूस चिखलात बसून असा हसायला लागला की टोकदार मिशा दोन्ही बाजूंना पसरल्या. शिपाई हसले. रुक्मा डोळे पुसत हसली. दत्तोपंतही हसले, पण अंगावरचा परक्या सरकारचा कोट चुरगळू नये इतपतच.

बंडाचा पुरावा आता धुण्याच्याही लायकीचा उरला नव्हता. तारेचा माणूस वाटेतून परत बोलावला गेला. रात्री नाक्यावर सगळ्यांना भात-माशाचं जेवण मिळालं. दत्तोपंतांनी भात घेतला आणि मासळीकडं सद्भावनेनं पाहिलं.

सकाळी मंडळी घाट चढली. रेडकू म्हादूच्या खांद्यावर, म्हैस त्याच्या मागोमाग. रुक्मा म्हणाली, रानातल्या पायवाटेनं सरळ घरी जाऊ. पण दत्तोपंतांनी ऐकलं नाही. कालच्या प्रकारानंतर त्यांना सगळं कायद्यानं करायचं होतं. ते वरात घेऊन कस्टमसाहेबांपुढं उभे राहिले.

साहेबांनी म्हशीकडं पाहिलं. "ही इथली. जाऊ दे." मग रेडकाकडं पाहिलं. "जन्म कुठला?"

"घाटाखालचा," दत्तोपंत म्हणाले.

"मग हे परदेशी जनावर. आयात आहे. वखारीत बांधा."

म्हैस पुढं होऊन रेडकाला चाटत होती. रुक्मानं दत्तोपंतांकडं पाहिलं. आणि दत्तोपंतांच्या आतला मालबाबू, जो कालपासून पगडीबरोबर कुठंतरी पडला होता, तो उठून उभा राहिला.

"साहेब," ते म्हणाले, "माझा माल तुम्हाला समजावून सांगायची पाळी यावी? ही म्हैस म्हणजे डबा. डब्यात माल भरला तो इथं. मालासकट डबा घसरून घाटाखाली गेला. तिथं फक्त माल उतरला. तोच माल, त्याच डब्याबरोबर, परत जागेवर आला. यात आयात कुठली आली? ही तर चुकलेल्या मालाची परतपाठवणी!"

साहेब यादी चाळू लागले. "पण माल इथंच भरला, याला साक्षीदार?"

"हाय की वो सायब," रुक्मा म्हणाली. "दिग्गीच्या नायकाचा रेडा. बोलवू?"

साहेबांनी यादी मिटली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. पाठमोरेच हात हलवून त्यांनी सगळ्यांना जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रुक्मानं चीक आणून दिला आणि इंदुबाईंनी वेलदोडा घालून खरवस केला. घरोघरी वाटला, लक्ष्मणरावांनी "उत्तम" हा शब्द खर्च केला. एक डबा दत्तोपंतांनी गार्डाच्या हाती घाटाखाली तिनेंताकडं धाडला.

पुढच्या रविवारी वर्ग भरला तेव्हा धक्क्यावर बसायला जागा नव्हती. आसपासच्या बायका म्हशी बांधून आल्या होत्या. डबा रिकामा होऊन परत आला होता, सोबत पोर्तुगीजमध्ये चिठ्ठी. कायतान मास्तरांनी ती उभं राहून वाचली, मग पुन्हा वाचली, आणि फिडल खाली ठेवली.

"तिनेंत सगळ्यांक नमस्कार सांगता," ते म्हणाले. "आनी विचारता, ही म्हैस परत केन्ना हरवतली?"

सगळा वर्ग रुक्माकडं वळला. रुक्मानं पदर सावरला.

"त्यास्नी लिवा," ती म्हणाली, "तिला इचारून कळवतो."